युद्धाचा खर्च ठाणेकरांच्या खिशातून किती जातो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नौपाड्यात एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात बावीस वर्षं काम करतेय, लोकांचे रिटर्न भरायचे, नोटिसांना उत्तरं द्यायची, हेच. जून २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूर होऊन महिना झाला असेल, एक रिटायर्ड मास्तर पेन्शनचा फॉर्म १६, म्हणजे कापलेल्या टॅक्सचा दाखला, घेऊन आले आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, "ताई, यातले किती पैसे लष्कराला जातात ते सांगता येईल का हो?" मला नाही सांगता आलं. इतकी वर्षं लोकांचा टॅक्स काढते आणि तो पुढे जातो कुठे हे मला धड माहीत नाही याची खरंच लाज वाटली, त्या रात्री बजेटचे कागद उघडून बसले ते आजपर्यंत ती सवय सुटलेली नाही. नंतर सोसायटीत, भिशीत, ट्रेनमध्ये जे जे प्रश्न लोकांनी विचारले ते इथे एकत्र लिहिलेत. आकडे केंद्राच्या २०२५-२६ च्या बजेटमधल्या अंदाजाचे आहेत, दुसरं वर्ष असेल तिथे तसं लिहिलंय.

सरळ सांगा, माझ्या टॅक्समधून संरक्षणावर किती जातात?

एक उदाहरण घेऊ. वर्षाला १५ लाख पगार, इन्कम टॅक्सची नवीन रिजीम. ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन गेलं की १४ लाख २५ हजार उरतात, त्यावर सेस धरून टॅक्स होतो ९७,५०० रुपये. आता केंद्राचा एकूण खर्च साधारण ५० लाख ६५ हजार कोटी आणि त्यातलं संरक्षण मंत्रालय ६ लाख ८१ हजार कोटी, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या किंचित आत. त्या हिशोबाने या माणसाचे १३,१०० रुपये झाले, महिन्याला अकराशेच्या आसपास.

पण पेपरात तर रुपयातले ८ पैसे लिहिलेलं असतं?

हो, आणि ते पण बरोबर आहे, यातच सगळ्यांचा घोळ होतो. बजेटच्या दिवशी जो रुपयाचा गोल दाखवतात त्यात राज्यांना जाणारा करांचा वाटा पण धरलेला असतो, तो २२ पैसे आहे, त्यामुळे मुळात गोलच मोठा होतो. शिवाय त्या ८ पैशांत सैनिकांची पेन्शन नसते, ती पेन्शनच्या वेगळ्या फोडीत जाते. त्या मोठ्या गोलात पेन्शनसकट सगळं संरक्षण मोजलं तर साधारण साडेदहा पैसे येतात. मग वरच्या माणसाचे ८ पैशांच्या हिशोबाने ७,८०० आणि दुसऱ्या हिशोबाने १३,१००. दोन्ही खरे आहेत, फक्त कोण कुठला आकडा सांगतोय आणि त्यात पेन्शन धरलीय का एवढं विचारत जा. खर्च कमी दाखवायचा असेल तो ८ सांगतो, जास्त दाखवायचा असेल तो साडेतेरा.

या ६ लाख ८१ हजार कोटींत नक्की असतं काय? सगळी विमानं आणि तोफाच का?

अजिबात नाही, आणि हे कळल्यावर मला स्वतःला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं होतं. बजेटमध्ये संरक्षण मंत्रालयाच्या चार मागण्या, म्हणजे संसदेकडे खर्चाची मंजुरी मागणारे चार भाग, असतात, क्रमांक १९ ते २२. सगळ्यात मोठा भाग चालू खर्चाचा, ३ लाख ११ हजार कोटींच्या वर, यात पगार, रेशन, कपडे, डिझेल, गाड्यांची दुरुस्ती, सियाचिनला सामान पोचवणं हे सगळं आलं. मग नवीन खरेदी, म्हणजे विमानं, जहाजं, तोफा, रणगाडे, यासाठी १ लाख ८० हजार कोटी. पेन्शन १ लाख ६० हजार कोटींच्या वर, ती ३४ लाखांच्या आसपास लोकांना मिळते. उरलेले २८-२९ हजार कोटी सीमेवरचे रस्ते, कोस्ट गार्ड वगैरे.

म्हणजे रुपयातले साधारण ४६ पैसे रोजच्या चालण्यावर, २६ पैसे खरेदीवर, २३-२४ पैसे पेन्शनवर. एकदा माणूस सैन्यात कायमचा घेतला की त्याचा खर्च लढाई संपली म्हणून संपत नाही, तो रिटायर झाल्यावर त्याची पेन्शन, तो गेल्यावर त्याच्या बायकोची फॅमिली पेन्शन, असा पन्नास-साठ वर्षं चालतो. आणि तो चाललाच पाहिजे, ते त्यांचं कमावलेलं आहे. मी फक्त हे सांगतेय की आजचा निर्णय आपली नातवंडं फेडत असतात.

म्हणजे हा सगळा युद्धाचा खर्च धरायचा का?

नाही. हा युद्धासाठी तयार राहण्याचा खर्च आहे, युद्ध नसलं तरी लागतोच. प्रत्यक्ष लढाई झाली की जास्तीचं जे लागतं ते पुरवणी मागण्यांमधून, म्हणजे बजेटनंतर संसदेकडे जास्तीचे पैसे मागतात त्यातून, येतं, पुढच्या दोन-तीन वर्षांच्या खरेदीत येतं, आणि बरंचसं भलत्याच खात्यांमध्ये दिसतं, त्याच्याबद्दल खाली लिहिलंय. म्हणून "सिंदूरला अमुक कोटी लागले" असा एकच आकडा कोणी फॉरवर्ड केला की मी आधी विचारते, यात काय काय धरलंय?

आपल्या ठाण्याच्या वाट्याला किती येतात?

याची सोपी पद्धत म्हणजे माणशी भाग लावायचा. देशाची लोकसंख्या १४५ कोटी धरली तर माणशी साधारण ४,७०० रुपये वर्षाला येतात, चार जणांच्या घराला १९ हजारांच्या जवळ. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिकेची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती, म्हणजे ठाण्याचे झाले ८६५ कोटी. नवी मुंबई महापालिकेची ११ लाख २० हजार धरली तर सव्वापाचशे कोटी. आता लोकसंख्या नक्कीच बरीच वाढलीय, घोडबंदर रोडला संध्याकाळी सात वाजता उभं राहून बघा, त्यामुळे खरा आकडा याच्या वर असणार.

शिवाय माणशी भाग लावणं हा समजण्यापुरता हिशोब आहे, प्रत्यक्षात टॅक्स सगळीकडून सारखा गोळा होत नाही, मुंबई-ठाणे पट्ट्यातून देशाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त जातो.

या आकड्याच्या शेजारी एक आकडा ठेवा. ठाणे महापालिकेचं २०२५-२६ चं सगळं बजेट साडेपाच हजार कोटींच्या थोडं पुढे आहे, नवी मुंबईचं पण तेवढ्याच घरात. त्यात रस्ते, पाणी, कचरा, शाळा, कळव्याचं हॉस्पिटल, टीएमटीच्या बस, कर्मचाऱ्यांचे पगार सगळं आलं.

राफेलच्या किमतीत किती हॉस्पिटलं झाली असती? असं गणित बरोबर आहे का?

गणित करायला हरकत नाही, पण ते वाचायचं कसं हे माहीत पाहिजे. आपल्या भागातलेच आकडे घ्या. नौदलासाठी एप्रिल २०२५ मध्ये २६ राफेल मरीन विमानांचा करार झाला, साधारण ६३ हजार कोटींचा, म्हणजे एका विमानामागे २,४०० कोटींच्या वर, अर्थात त्यात शस्त्रं, ट्रेनिंग, सिम्युलेटर, देखभाल सगळं धरून. अशी सव्वादोन विमानं म्हणजे ठाणे महापालिकेचं वर्षाचं अख्खं बजेट. ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालेली ठाण्याची २९ किलोमीटरची रिंग मेट्रो १२,२०० कोटींची आहे, तशा पाच मेट्रो या एका करारात बसतात. आणि आयएनएस विक्रांत ही विमानवाहू युद्धनौका, जी सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलात आली, तिला साधारण २० हजार कोटी लागले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळाचा पहिला टप्पा १९,६५० कोटींचा. एक विमानतळ समुद्रात, एक उलव्याला, किंमत जवळपास सारखीच.

आता यातली पहिली अडचण. करार आज झाला तरी पैसे पाच-सात वर्षांत थोडे थोडे जातात आणि महापालिकेचं बजेट एका वर्षाचं असतं. दुसरी, विमानतळाचा बराच पैसा खाजगी कंपनीचा आणि कर्जाचा आहे, मेट्रोत केंद्र, राज्य आणि बाहेरचं कर्ज असं मिळून आहे. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची, संविधानाच्या सातव्या अनुसूचीत संरक्षण हा केंद्राचा विषय आहे आणि हॉस्पिटल हा राज्याचा, त्यामुळे दिल्लीत एक विमान कमी घेतलं म्हणून ते २,४०० कोटी उठून कळव्याला येत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या हॉस्पिटलमध्ये २४ तासांत १८ पेशंट गेले, त्याचा दाखला देऊन मला बऱ्याच जणांनी लिहिलं की बघा पैसा तिकडे जातो म्हणून. नाही हो. त्या दुःखाचं कारण शोधायचं तर डॉक्टर, नर्स, खाटा, आणि शहापूर-मुरबाडचा पेशंट ठाण्यापर्यंत का यावा लागतो, हे शोधायला पाहिजे. ते राफेलवर ढकललं की ज्यांनी उत्तर द्यायचं ते सुटतात.

मग तुलना करायचीच कशाला? कारण ६ लाख ८१ हजार कोटी ही रक्कम डोक्यात शिरतच नाही, माणूस नुसती मान हलवतो. ठाण्याचं बजेट १२० वेळा, असं म्हटलं की शिरते.

ही अशी शहरावार विभागणी कोणी खरंच करतं का?

अमेरिकेत करतात, बरीच वर्षं. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन गावात १९८३ मध्ये नॅशनल प्रायॉरिटीज प्रोजेक्ट सुरू झाला, त्यांनी इराक युद्धाच्या वेळी गावागावाचा हिशोब लोकांसमोर ठेवला, तुमच्या शहरातून युद्धाला एवढे गेले आणि एवढ्यात इतके शिक्षक, इतक्या मुलांचं आरोग्य झालं असतं. त्याच्याही आधी १६ एप्रिल १९५३ ला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी भाषणात सांगितलं होतं की एका बॉम्बर विमानाच्या किमतीत तीसपेक्षा जास्त शहरांत एकेक शाळा उभी राहते. हा माणूस स्वतः दुसऱ्या महायुद्धातला सेनापती, त्यामुळे त्याला कोणी सैन्याचा विरोधक म्हणू शकलं नाही.

तिथला अनुभव आपण नीट बघण्यासारखा आहे. २००३ मध्ये इराकमध्ये जाण्याआधी त्यांच्या सरकारकडून ५ ते ६ हजार कोटी डॉलरचा अंदाज सांगितला जात होता, प्रत्यक्षात नुसता थेट खर्च ८० हजार कोटी डॉलरच्या वर गेला. ब्राऊन युनिव्हर्सिटीच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये ९/११ नंतरच्या सगळ्या युद्धांचा हिशोब मांडला तो ८ लाख कोटी डॉलर, आणि यातले २ लाख २० हजार कोटी तर २०५० पर्यंत जखमी आणि माजी सैनिकांच्या सांभाळासाठी लागणारे. सगळं बऱ्यापैकी कर्ज काढून केलेलं. आपली परिस्थिती वेगळी आहे, आपण समुद्रापार जाऊन कोणाशी लढत नाही, आपल्या दोन सीमांवर धोका खराच आहे. पण सुरुवातीचा अंदाज आणि शेवटचं बिल यांच्यात केवढं अंतर पडतं ते तिथून कळतं.

मी इन्कम टॅक्स भरतच नाही, मग माझा काय संबंध?

पूर्ण संबंध आहे. बजेटच्या रुपयात इन्कम टॅक्स २२ पैसे येतो, पण जीएसटी १८ पैसे, एक्साइज ५ आणि कस्टम्स ४. लोकमान्य नगरचा रिक्षावाला रिटर्न भरत नसेल पण त्याने टायर बदलला की त्यावर जीएसटी जातो, सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के होता, आता १८ झाला. धुणंभांडी करणाऱ्या मावशींच्या मोबाईल रिचार्जवर १८ टक्के. त्यांच्या हातात कोणी फॉर्म १६ देत नाही म्हणून त्यांना करदाता कोणी म्हणत नाही, मला याचा खरंच राग येतो.

आणि रुपयातले २४ पैसे येतात कर्जातून. दर रुपयातले २० पैसे नुसत्या व्याजात जातात, संरक्षणापेक्षा कितीतरी जास्त. कर्ज कशासाठी काढलं हे नोटेवर लिहिलेलं नसतं, पण कुठलाही मोठा खर्च वाढला की त्याचा भाग तिथे जाऊन बसतो.

युद्धासाठी वेगळा टॅक्स कधी लागला होता का आपल्याकडे?

लागला होता, आणि आपल्या आजी-आजोबांना तो नीट आठवतो.

१९७१ मध्ये बांगलादेशातून जवळपास १ कोटी निर्वासित आले, तेव्हा नोव्हेंबरपासून बहुतेक टपालावर ५ पैशांचं जास्तीचं तिकीट लावायला लागायचं, निर्वासित मदतीचं, ते १९७३ च्या मार्चपर्यंत चाललं. आमच्या घरी आईकडे आलेल्या पत्रांच्या गठ्ठ्यात ते छोटं तिकीट अजून दिसतं.

त्याच्या आधी १९६२. चीनचं आक्रमण झालं, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं तेव्हा म्हणायचे. लोकांनी अंगावरचं सोनं काढून संरक्षण निधीला दिलं. पुढच्या वर्षी मोरारजी देसाईंच्या बजेटात संरक्षण खर्च एकदम वाढला, कंपन्यांवर सुपर प्रॉफिट टॅक्स आला, सामान्य माणसाला सक्तीची बचत ठेव आली. आणि जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, १४ कॅरेटच्या वरचे नवीन दागिने घडवायचे नाहीत.

आमच्या जुन्या चाळीत एक आजी होत्या, त्यांचे यजमान सोनार. त्या सांगायच्या की १४ कॅरेटचा दागिना कोण घेणार, तो पितळेसारखा दिसतो म्हणून गिऱ्हाईक परत जायचं, दोन महिन्यांत काम बंद पडलं. वागळे इस्टेट तेव्हा नुकतीच सुरू होत होती, तिथे एका कारखान्यात ते फाइलिंगच्या, म्हणजे कानशीने धातू घासायच्या, कामाला लागले. हात बारीक कामाला बसलेला होता म्हणून फोरमन खूश, पण घरी आल्यावर ते त्यांची छोटी चिमटी आणि फुंकणी रोज पुसून परत डब्यात ठेवायचे, आजी म्हणायच्या "उद्या दुकान उघडायचंय असं ठेवायचे". मी लहानपणी तो डबा बघितलाय, आत मखमलीचा तुकडा होता. सुवर्ण नियंत्रणाचा कायदा शेवटी १९९० मध्ये गेला. या माणसाने युद्धासाठी काय दिलं ते कुठल्याच बजेटात सापडणार नाही.

परक्या देशातल्या युद्धाचे पैसे आपण भरतो का?

भरतो, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांत ठाणेकराच्या घरात युद्ध सगळ्यात जास्त शिरलं ते याच दाराने.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशिया युक्रेनमध्ये घुसला. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांच्या वर बाहेरून आणतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मुंबईत पेट्रोल १२० रुपये ५१ पैसे झालं. घरगुती सिलिंडर मार्चच्या मध्यापर्यंत ८९९ होता तो जुलैमध्ये १,०५२ वर गेला. सूर्यफूल तेल बहुतेक युक्रेन-रशियाकडून यायचं, त्याचे भाव तर त्या उन्हाळ्यात विचारायची सोय नव्हती, आमच्याकडे कुरडया-पापड तळायचे राहिले ते राहिलेच.

पण मोठा खर्च आपल्याला दिसलाच नाही, तो खताचा. जगात खत महागलं, शेतकऱ्याला मात्र जुन्याच भावात द्यायचं म्हणून फरक सरकारने भरला, म्हणजे आपण भरला. २०२२-२३ च्या बजेटात खत अनुदानाला १ लाख ५ हजार कोटी धरले होते, वर्ष संपलं तेव्हा अडीच लाख कोटी झाले होते. जवळजवळ दीड लाख कोटी जास्त. हे बरोबरच केलं, नाहीतर वाशीच्या मार्केटला येणारी भाजी आणि धान्य कुठल्या कुठे गेलं असतं. पण बघा, त्या वर्षी आपल्याकडे एकही गोळी सुटली नसताना दुसऱ्यांच्या युद्धाने आपल्या तिजोरीतून जे नेलं ते केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या २०२५-२६ च्या सगळ्या बजेटपेक्षा, म्हणजे १ लाख कोटींपेक्षा, जास्त आहे.

नंतर नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. न्हावाशेवाहून युरोपला जाणारी जहाजं सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, दहा-बारा दिवस जास्त, भाडं वाढलं, विमा वाढला. नाशिकची द्राक्षं याच बंदरातून जातात आणि द्राक्षाला दहा दिवस म्हणजे फार झाले. आमच्या ऑफिसचा एक क्लायंट वाशीहून फळं एक्सपोर्ट करतो, त्या सीझनचा त्याचा हिशोब मीच केला, धंदा तेवढाच आणि फ्रेटची, म्हणजे जहाजाच्या भाड्याची, ओळ दुपटीच्या वर. शेवटी त्याला तोटा झाला आणि त्याचा इन्कम टॅक्स आला शून्य. म्हणजे सरकारचं पण गेलं.

संरक्षण खर्चातून आपल्या भागाला काही मिळतं का?

मिळतं, आणि हे मी मनापासून लिहितेय कारण मी त्यातूनच वाढलेय. माझे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, म्हणजे लष्करासाठी माल बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात, होते. आमचं घर, माझं कॉमर्स, भावाचा डिप्लोमा, सगळं त्या पगारावर झालं. अंबरनाथला दोन फॅक्टऱ्या आणि नौदलाच्या धातू-रंग-रबरावर काम करणारी डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची लॅब आहे, उरणजवळ करंजाला नौदलाचा शस्त्रसाठ्याचा डेपो आहे, कोलशेतला एअर फोर्स स्टेशन आहे, माझगाव डॉकला जाणारे किती तरी फिटर-वेल्डर कळवा-मुंब्र्यातून लोकल पकडतात आणि वागळे-रबाळ्याच्या छोट्या वर्कशॉपांना पण तिकडची जॉबवर्क मिळतात. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हापासून जुने कामगार काळजीत आहेत तो विषय वेगळा.

१९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल चालू असताना बाबा डबल शिफ्ट करायचे. रात्री साडेअकराला यायचे, हाताला तेलाचा वास, जेवताना बातम्या लावायला सांगायचे आणि आज किती गेले ते ऐकायचे. त्या ओव्हरटाइमच्या पैशातून आमच्याकडे पहिला फ्रिज आला. शेजारचे बघायला आले, आईने सरबत केलं, आणि बाबा मात्र दोन दिवस त्या फ्रिजचं दार उघडत नव्हते. आईने विचारलं तर एवढंच म्हणाले, "तिकडे पोरं जातायत तेव्हा हा आलाय." कारगिलमध्ये आपले ५२७ जवान गेले. संरक्षणामुळे रोजगार मिळतो असं कोणी म्हटलं की मला ते खरंच वाटतं, आणि तो फ्रिज पण आठवतो.

एक बाजू याची महापालिकांना सोसावी लागते. संविधानाच्या अनुच्छेद २८५ प्रमाणे केंद्राच्या मालमत्तेवर घरपट्टी लावता येत नाही. त्याऐवजी सेवाशुल्क देतात, किती सेवा वापरल्या त्यावरून घरपट्टीच्या ३३ ते ७५ टक्के. म्हणजे जिथे मोठी केंद्रीय जागा आहे तिथे घरपट्टीचा उरलेला भाग बाकीच्या गावाने उचललेला असतो.

असे प्रश्न विचारणं म्हणजे सैन्याच्या विरोधात बोलणं नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारलाय, एकदा सख्ख्या मामाने, आणि तो स्वतः माजी सैनिक.

मी त्याला २०१७ चं सांगितलं. त्या वर्षी कॅगने संसदेत अहवाल ठेवला की सैन्याच्या दारूगोळ्याच्या साधारण ४० टक्के प्रकारांचा साठा जोरदार लढाईत १० दिवसही पुरणार नाही. हिशोब तपासणाऱ्यांनी विचारलं म्हणून हे बाहेर आलं. पैसे गेले कुठे, माल का नाही आला, हे कोणी विचारलंच नाही तर त्याची किंमत कोण देतो? सीमेवर उभा असलेला पोरगाच देतो. मामा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला आमच्या वेळेला बुटांचं पण असंच होतं.

मला लष्करावरचा खर्च बंद करायचा नाहीये. देशाच्या उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत आपण हा खर्च करतो, शेजार बघता तो अवाच्या सवा आहे असं मी म्हणणार नाही. पण सोसायटीच्या वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशन मागणारे आपण, इथे मात्र एक प्रश्न विचारला की आवाज खाली करतो, हे मला पटत नाही.

माणसं जातात त्याचा हिशोब कुठे लागतो?

कुठेच नाही. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये दहशतवाद्यांनी २६ माणसं मारली, त्यातले ६ महाराष्ट्रातले, तिघे डोंबिवलीचे, एक पनवेलचे. म्हणजे आपल्याच लोकलमधली, सुट्टीला गेलेली माणसं. डोंबिवलीत त्या तिघांना आणलं त्या दिवशी भागशाळा मैदानावर जमलेल्यांमध्ये आमच्या ऑफिसचा मुलगा पण होता, तो दुसऱ्या दिवशी आला आणि दुपारपर्यंत एक अक्षर बोलला नाही. तीन रिटर्न त्याने चुकीचे भरले, मी काही बोलले नाही.

माझ्या सोसायटीचा किंवा वॉर्डाचा आकडा मी कसा काढू?

अर्ध्या तासाचं काम आहे. केंद्राचं बजेट संकेतस्थळावर असतं, त्यात संरक्षणाच्या मागण्या १९ ते २२ उघडा आणि चारही बेरजा एकत्र करा. त्याला देशाच्या लोकसंख्येने भागा, तुमचा माणशी आकडा आला. तो तुमच्या वॉर्डाच्या लोकसंख्येने गुणा, ५० हजारांचा वॉर्ड असेल तर २०२५-२६ च्या आकड्यांनी साडेतेवीस कोटी येतात. मग महापालिकेच्या बजेटात तुमच्या वॉर्डाला काय काय दिलंय ते शोधा, हे मात्र अवघड जातं, नाहीच सापडलं तर माहिती अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लागतं.

आमच्या सोसायटीचा मी काढला. १२० फ्लॅट, सरासरी चार माणसं, ४८० जण, गुणिले ४,७००, म्हणजे २२ लाख ५६ हजार वर्षाला. आमचा मेंटेनन्स महिन्याला ३,५०० आहे, वर्षाचा सगळा मिळून ५० लाख ४० हजार. हे दोन आकडे मी जनरल बॉडीच्या दिवशी नोटीस बोर्डावर शेजारी शेजारी लावले. खाली कोणीतरी पेनाने लिहून गेलंय, "शाळेचा पण लावा." तो आता बसून काढतेय, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचे १ लाख २८ हजार कोटी आहेत, माणशी ८८७ रुपये येतात, राज्याचे अजून जोडायचेत.